आंबटातली रेघ

कोणाकडेही फराळाची ताटली पुढे आली की बेलसरे मॅडम ती आधी नाकाशी न्यायच्या. चिवडा असो, शंकरपाळे असोत, डिंकाचा लाडू असो. वास घ्यायच्या, थोडं थांबायच्या आणि मग एकतर मनापासून खायच्या किंवा ताटली खाली ठेवून सांगायच्या, "खवट झालंय." समोरच्या बाईचा चेहरा पडलेला त्यांना दिसायचाच नाही. एकदा आमच्या प्राचार्यांच्या मुलीच्या साखरपुड्यात त्या व्याह्यांसमोर म्हणाल्या, "सर, करणारीचा दोष नाही. शेंगदाणे जुने होते अन् डबा उन्हात ठेवला होता." व्याही हसले, प्राचार्य हसले नाहीत. कॉलेजजवळचा किराणावाला तर त्या लांबून दिसल्या की तेलाच्या जुन्या पिशव्या आत सरकवायचा.

हा नाकाचा खेळ नव्हता. तेलतूप खवट कसं होतं, याच एका गोष्टीचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. फक्त त्यांचं तेल डब्यातलं नव्हतं, माणसाच्या रक्तवाहिनीतलं होतं.

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी जीवरसायनशास्त्र शिकवायला लागले, तिथं त्या विभागप्रमुख होत्या. मी बडनेऱ्याहून रोज ये-जा करायची. पहिल्या दिवशी धापा टाकत पोचले, तर दारातच एक ठेंगणी, सावळी बाई उभी. सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. माझ्या चपलांकडे बघून म्हणाल्या, "उद्यापासून बूट. ॲसिड सांडलं की बोटं आपलीच जातात, कॉलेजची नाही." नाव नंतर विचारलं.

वर्गात त्या शुद्ध पुस्तकी मराठीत सुरुवात करायच्या, आणि राग आला किंवा माया आली की सरळ वऱ्हाडीत उतरायच्या. मुलांनी त्यांना 'कशात मॅडम' असं नाव ठेवलं होतं. कोणी म्हणालं, "मॅडम, हे विरघळतं," की त्यांचा प्रश्न ठरलेला: "कशात?" कोणी म्हणालं, "ई जीवनसत्त्व कोलेस्टेरॉलला वाचवतं," की, "कशात, बाप्पा? पाण्यात, रक्तात की ताकात? ते सांगितल्याबिगर तू काहीच सांगितलं नाई." उत्तर सांगताना पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, सांगितला नाही तर त्या अर्धे गुण कापत. पोरं रडकुंडीला यायची. पण पुढे मोठमोठ्या प्रयोगशाळांत गेलेली हीच पोरं सुट्टीत आली की आधी त्यांच्या घरी जायची.

रक्तवाहिनीचा आजार शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती. त्या म्हणायच्या, कोलेस्टेरॉल वैरी नाही. त्याच्यावाचून पेशीची भिंत उभी राहत नाही. ते खवट होतं तेव्हा वैरी होतं. रक्तात असतं तोवर त्याला राखणारे पुष्कळ असतात. पण ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून बसलं की तिथल्या पेशी त्याला गिळतात आणि फुगून त्यांची गाठ होते. त्या पेशींच्या आत पोटासारख्या पिशव्या असतात आणि त्या पिशव्यांत ताकाइतकं आंबट असतं. त्या आंबटात लोखंडाचे कण मोकळे सुटतात. मग जो राखणदार रक्तात चोख काम करत होता, तो तिथंही करेलच असं नाही. "माणसाले रस्त्यावर पाहून त्याची परीक्षा होत नाई," त्या म्हणायच्या. "त्याले आंबटात बुडवून पाहा." वर्ग हसायचा. त्या हसायच्या नाहीत.

सुट्टी लागली की त्या एसटीनं अचलपूरला जायच्या, भावाकडे. बेलसऱ्यांचा भाजीपाल्याचा आणि फुलांचा धंदा, पुढे संत्र्याची बागही झाली. वडील लवकर गेले. थोरले महादेवदादा शाळा सोडून भाजीच्या टोपल्या घेऊन बसले आणि बहिणीला शिकवलं. मॅडम हे कधी कौतुकानं सांगत नसत. एकदाच म्हणाल्या, "दादाले गणित माझ्याहून चांगलं येत होतं." अचलपूरहून परत आल्या की आमच्या स्टाफरूमच्या टेबलावर मेथीच्या जुड्यांचा ढीग लागायचा. सगळे वाटून न्यायचे.

त्यांच्या मोठ्या कामाची सुरुवात दादांच्याच एका प्रश्नानं झाली. संत्र्याच्या झाडांची कच्ची फळं फार गळतात. हिरवी, कडू, लिंबाएवढी. त्यांचा खच पडतो आणि तो उचलून फेकायलाच माणसं लावावी लागतात. दादा म्हणाले, "कमल, ही गळ जनावर बी तोंडात धरत नाई. तुह्या शास्त्रात याचा काही उपेग हाय काय?" मॅडम ती फळं पिशवीत घालून अमरावतीला घेऊन आल्या.

त्याच सुमारास प्रशांत आला. अकोल्याकडच्या खेड्यातला, त्यांचा पीएच.डी.चा पहिला विद्यार्थी. हात इतका स्वच्छ की नळीला नळी लागल्याचा आवाज व्हायचा नाही. खोलीवर नीट जेवण नाही म्हणून मॅडम त्याला घरी जेवायला बोलवायच्या. त्यांनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्या घरात तो एकटाच पाहुणा होता आणि हळूहळू पाहुणा राहिला नाही. अचलपूरला त्या त्याला सोबत नेऊ लागल्या. दादांना दोन मुली, दोघी सासरी. बागेत संत्र्यांचा तोडा चालू असला की दादा फोनवर विचारायचे, "आपला प्रशांत येते काय?"

गळलेल्या फळांच्या सालीचा अर्क कोलेस्टेरॉलला खवट होण्यापासून वाचवतो का, हे त्यांना बघायचं होतं. रक्तातून कोलेस्टेरॉल वेगळं काढायचं, त्यात अर्क घालायचा आणि खवटपणा वाढला की आलेखाची रेघ कधी वर चढते ते यंत्रावर बघत बसायचं. ज्या दिवशी पहिला चांगला आलेख आला, तो दिवस मला आठवतो. अर्क नसलेली रेघ लगेच वर गेली. अर्काची रेघ सपाटच. दुपार झाली तरी सपाट. प्रशांतनं बर्फी आणली. मॅडमनी आधी तिचा वास घेतला, मग दोन तुकडे खाल्ले आणि दादांना फोन लावला. दादांना फक्त एवढंच कळलं की आपल्या गळलेल्या फळांत काहीतरी आहे. तेवढं त्यांना पुरलं.

बर्फी संपायच्या आत मॅडम म्हणाल्या, "आता हेच आंबटात कर."

"पण मॅडम, रक्त आंबट नसतं."

"रक्त नसते. गाठीतल्या पेशीचं पोट असते. कर."

त्यानं केलं. पीएच साडेचारला आणला, लोखंडाचा अंश घातला, बाकी सगळं तेच. रेघ चढली. नुसती चढली नाही, अर्क न घातलेल्या रेघेच्याही आधी चढली. म्हणजे हा राखणदार त्या आंबटात राखत तर नव्हताच, उलट लोखंडाला हात देऊन कोलेस्टेरॉल लवकर नासवत होता. प्रशांतनं पुन्हा केलं, नवीन द्रावणं करून पुन्हा केलं. तेच आलं. तो स्टुलावर मान खाली घालून बसला. मॅडम मात्र अशा खूश झाल्या की त्यांनी शिपायाला पाठवून सगळ्या विभागासाठी दह्यातला गिला वडा मागवला. "पोट्ट्या, हे खरं सापडलं तुले," त्या म्हणाल्या. "पहिलं तं कोणालेही सापडते."

प्रशांतनं वड्याला हात लावला नाही. म्हणाला, "मॅडम, आत्ता पहिली रेघ छापू. ही दुसरी पुढच्या कामात घेऊ."

"दोन्ही एकाच कागदावर जातील. नाई तं एकही नाई."

प्रबंधात दोन्ही गेल्या. शिवाय मॅडमनी शेवटी एक वाक्य घालायला लावलं, की हे सगळं परीक्षानळीतलं आहे, माणसाच्या शरीरात असंच घडतं असा आमचा दावा नाही. प्रशांत म्हणाला, इतकं कशाला? त्या म्हणाल्या, जेवढं पाहिलं तेवढंच सांगायचं. त्याला पदवी मिळाली. तो अकोल्याला गेला, आधी नोकरी केली, मग स्वतःची कंपनी काढली. दर गुरुपौर्णिमेला यायचा, पाया पडायचा, मॅडमच्या हातचं वरण-भात जेवून जायचा.

एका वर्षी तो निमंत्रण घेऊन आला. अकोल्यात कार्यक्रम आहे, गुरूंचा सत्कार करायचा आहे. "कशाबद्दल?" मॅडमनी विचारलं. "तुमच्या कामाबद्दल," तो म्हणाला. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा लाजताना पाहिलं. त्यांनी नवी साडी घेतली. बडनेऱ्याहून आम्ही दोघी रेल्वेनं निघालो तेव्हा त्यांच्या पायात बूट नव्हते, चपला होत्या.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात महादेवदादा बसले होते. मॅडम थबकल्या. "दादा, तू इथं कसा?"

"प्रशांतनं गाडी धाडली होती," दादा म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

मग पडदा उघडला. मागे भलामोठा फलक. त्यावर संत्र्याच्या सालीच्या पावडरचा एक गोल डबा, डब्यावर लाल बदाम आणि बदामाशेजारी मॅडमचा फोटो. हसरा, कुठल्यातरी स्नेहसंमेलनातला. डब्याचं नाव मी इथं लिहीत नाही. त्याची आणखी जाहिरात कशाला. प्रशांत बोलायला उभा राहिला. माझ्या गुरूंचा शोध, वऱ्हाडच्या मातीतला शोध, आता घराघरात, रक्तवाहिन्यांचं संरक्षण. पडद्यावर आलेख आला. एक रेघ लगेच चढलेली, एक सपाट. बस्, तेवढंच.

मी मॅडमकडे बघितलं. त्या पडद्याकडे अशा बघत होत्या, जशा परीक्षेच्या पेपराकडे बघायच्या. पान उलटल्यावर पुढे काहीतरी असेल अशा.

त्यांना बोलायला बोलावलं. त्या माइकजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "हा आलेख खरा आहे. प्रशांतनं केला, मी तपासला. पण हा कशात केला ते इथं लिहिलेलं नाही. याच कामात दुसरी रेघ होती, आंबटात केलेली. त्या रेघेत हाच अर्क उलटा वागते. प्रशांत, ती रेघ कुठी हाय?"

सभागृहात चुळबुळ झाली. प्रशांत हसत पुढे आला, अलगद त्यांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "बघा, मॅडम आजही माझी तोंडी परीक्षा घेतात." लोक हसले. टाळ्या पडल्या. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, कोणीतरी फोटो काढले. टाळ्यांत त्यांचं पुढचं बोलणं बुडालं. मी पायरीशी होते म्हणून मला ऐकू आलं. त्या म्हणत होत्या, "मी विचारून राहिली तुले. उत्तर दे."

बाहेर गाड्यांच्या गर्दीत त्यांनी दादांना गाठलं. "तुले माहीत होतं?"

दादा खाली बघत म्हणाले, "मागल्या तोड्यापासून आपल्याच बागेतली गळ जाते त्याच्याकडे. आजूबाजूच्या सगळ्या बागांची मीच गोळा करतो. लोकाले फेकाचं दुःख होतं, ते गेलं. वाईट काय झालं त्याच्यात?"

"मले काहून नाई सांगितलं?"

"तू नाई म्हटलं असतं."

मॅडम दादांच्या जवळ सरकल्या. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "तू बी घेते काय ते?" दादांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच एक स्टेंट बसलेला होता. रक्त पातळ करायची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी जन्मभर घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"घेतो ना," दादा म्हणाले. चेहरा एकदम खुलला. "त्या गोळ्यांनी अंग लय दुखे. दिवाळीपासून बंद केल्या. आता तुह्याच शोधाची पावडर घेऊन राहिलो."

  मॅडमनी दादांकडून तिथंच, गाडीच्या दाराशी, वचन घेतलं की उद्यापासून गोळ्या सुरू. दादांनी दिलं. लहान मुलाची समजूत काढावी तसं दिलं.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या. मूर्तिजापूर गेलं तेव्हा म्हणाल्या, "मी नाई म्हटलं असतं म्हणून त्यानं विचारलं नाई. म्हणजे काहीतरी चुकून राहिलं हे त्याले माहीत होतं, वर्षा." प्रशांतबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्याचा घाव त्यांना अजून जाणवलाच नव्हता. भावाचा आधी लागला.

पुढच्या रविवारी प्रशांत स्वतः आला. मी तिथंच होते. पाया पडायला वाकला, मॅडम मागे सरकल्या. तो बसला आणि अगदी शांतपणे बोलला. मला त्याच्या त्या शांतपणाचा अजून राग येतो.

"मॅडम, मी खोटं काय छापलं? माणसाच्या रक्ताचा पीएच साडेसातच्या जवळ असतो. त्यात अर्क काम करतो. तेच दाखवलं."

"गाठ रक्तात नसते, प्रशांत. भिंतीत असते."

"ते आंबटातलं माणसात घडतं हे कुठं सिद्ध झालंय? तुम्हीच तर लिहायला लावलं होतं, हे परीक्षानळीतलं आहे, आमचा दावा नाही."

 "ते वाक्य दोन्ही रेघांसाठी होतं," त्या म्हणाल्या. "तू एकीची बाजारात पाटी केली अन् दुसरी त्या वाक्यात गाडली."

"लोकांचं नुकसान तर होत नाही ना?"

"लोकं गोळ्या बंद करून राहिले."

"असं आम्ही डब्यावर कुठंही लिहिलेलं नाही," तो म्हणाला. खरंच लिहिलेलं नव्हतं. त्याला शब्द जपून वापरायचं शिक्षण त्यांनीच दिलं होतं.

तो गेल्यावर त्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य म्हणाले, मॅडम, प्रशांत आपलाच विद्यार्थी, नव्या प्रयोगशाळेला मदत करतोय, कॉलेजचं नाव चांगल्या कारणानं पेपरात येतंय, आता हे उकरू नका. सरकारी कार्यालयात गेल्या, तिथं सांगितलं की हे औषध म्हणून विकत नाहीत, खाण्याचा पदार्थ म्हणून विकतात, आमच्या हातात काही नाही. शेवटी वकिलाकडून नोटीस दिली. तेव्हा डब्यावरचा फोटो गेला. त्या जागी आलं, 'अमरावतीच्या ज्येष्ठ प्राध्यापिकेच्या संशोधनावर आधारित'. सगळ्या अमरावतीला ती प्राध्यापिका कोण ते माहीत होतं.

आणि आमची स्टाफरूम. ज्या टेबलावरून सगळ्यांनी वर्षानुवर्षं मेथी नेली, त्याच टेबलाशी एकजण चहा ढवळत म्हणाला, "हिस्सा मिळाला नसेल, दुसरं काय." कोणी त्याला गप्प केलं नाही. मी बोलले तर म्हणाला, "तुम्ही त्यांचंच माणूस." मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, आपली हजेरीची वही उचलली आणि वर्गावर गेल्या. त्या दिवशी त्यांनी वर्गात कोणालाही 'कशात' असं विचारलं नाही, असं मुलांनीच मला सांगितलं.

दादांनी गोळ्या सुरू केल्या, महिनाभर घेतल्या आणि पुन्हा सोडल्या. अंग दुखतं म्हणून. मॅडम फोनवर विचारायच्या, ते घेतो म्हणायचे. हिवाळ्याच्या तोंडावर, आंबिया बहाराचा तोडा चालू असताना बागेतच त्यांच्या छातीत कळ आली. अचलपूरहून त्यांना अमरावतीला आणलं. मी पोचले तेव्हा मॅडम आणि वहिनी अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या होत्या. तरुण हृदयरोगतज्ज्ञ बाहेर आले आणि विचारलं, "स्टेंट बंद पडलाय. गोळ्या कधीपासून घेतल्या नाहीत?"

वहिनींनी पिशवीतून डबा काढून त्यांच्या हातात दिला. "हे घेत होते, साहेब. आमच्या ननंदबाईचंच औषध हाय."

डबा जुना होता, फोटोवाला. डॉक्टरांनी फोटो बघितला. मग मॅडमकडे बघितलं. पुन्हा फोटो बघितला.

"तुम्ही?"

आता त्या सगळं सांगतील असं मला वाटलं. आलेख, दुसरी रेघ, नोटीस, सगळं. सांगायला हवं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हो. मीच."

डॉक्टरांनी डबा वहिनींना परत दिला आणि आत गेले. त्या तरुण माणसाच्या नजरेत जे होतं ते प्रशांतनं बघायला हवं होतं. तो अकोल्यात होता.

दादा वाचले. हृदय निम्मं कमजोर झालं, पण वाचले. आठवड्याभरानं त्यांना साध्या खोलीत आणलं. मी भेटायला गेले तेव्हा मॅडम त्यांना चमच्यानं पेज भरवत होत्या. दादांना बहिणीकडे बघून भरून आलं होतं. म्हणाले, "कमल, तू उगाच जिवाले लावून घेतलं. प्रशांतचा फोन आला होता. लय रडला पोट्टा. तो म्हणते, एवढा मोठा झटका आला तरी वाचले, ते पावडर होती म्हणून." मग बहिणीची समजूत काढत म्हणाले, "तुह्याच शोधानं वाचलो, बाई."

मॅडमनी उरलेली पेज चमच्या-चमच्यानं पूर्ण भरवली. त्यांचं तोंड पुसलं. भांडं धुऊन ठेवलं. मग पर्स उचलून त्या बाहेर गेल्या. त्या दिवसापासून त्या भावाशी बोलल्या नाहीत.

पुढच्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. मला वाटलं होतं, आता अमरावतीतल्या घरात एकट्या राहतील. पण त्यांनी ते भाड्यानं दिलं आणि अचलपूरला, दादांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, एक खोली घेतली. का, ते फोनवर सांगितलं नाही. हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा कळलं.

सकाळी पोचले तर त्या निघण्याच्या तयारीतच होत्या. "चाल," म्हणाल्या. दादांच्या अंगणात ताडपत्र्या अंथरलेल्या होत्या आणि त्यांवर हिरव्या, कापलेल्या संत्र्यांची साल वाळत होती. सगळ्या अंगणभर. कडू, ताजा वास. चालायला भिंतीकडेनं एक चिंचोळी वाट सोडलेली होती. मॅडम त्या वाटेनं गेल्या, सालींकडे बघितलं नाही. दादा ओसरीवर खुर्चीत शाल पांघरून बसले होते. खूप वाळले होते. मला बघून हात जोडले.

मॅडमनी पर्समधून गोळ्या काढून त्यांच्या तळहातावर ठेवल्या, पाण्याचा पेला दिला. दादांनी गिळल्या.

"तोंड उघड," मॅडम म्हणाल्या.

दादांनी उघडलं. त्यांनी वाकून आत बघितलं, जीभ वर करायला लावली, खाली बघितलं. मग पेला वहिनींच्या हातात दिला आणि पायरी उतरल्या. वहिनी म्हणाल्या, "बाई, चहा टाकला." त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

मी मागे रेंगाळले. दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "रोज येते. सकाळी अन् संध्याकाळी. एवढे दोन शब्द बोलते, बाकी नाई." त्यांच्या खुर्चीमागच्या फडताळात तो गोल डबा होता. त्यांनी माझी नजर बघितली आणि शाल अंगाभोवती ओढून घेतली.

मी बाहेर आले तोवर मॅडम गल्लीच्या मध्यापर्यंत पोचल्या होत्या. समोरून साल न्यायला आलेला टेम्पो येत होता. गल्ली अरुंद. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, पदर सावरून. ड्रायव्हरनं काच खाली केली, "नमस्कार, मॅडम," म्हणाला आणि दादांच्या फाटकाकडे वळला. त्या पुढे चालू लागल्या. मी त्यांना गाठायला भरभर निघाले. त्यांना खोलीवर जाऊन स्वयंपाक करायचा होता, थोडं पडायचं होतं, आणि संध्याकाळच्या गोळीसाठी परत यायचं होतं.